इटलीची वाईन नाणेघाट चढली होती का?

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या प्राचीन ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेच्या ४९ व्या कलमात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. यादीतला पहिलाच जिन्नस वाईन आहे. नुसते ‘वाईन’ लिहून लेखक थांबत नाही. मुख्यतः इटलीची, शिवाय लाओडिसियाची आणि अरबस्तानची, असा खुलासाही तो करतो. त्यानंतर तांबे, कथील, शिसे, पोवळी, कापड, कच्ची काच, मनशीळ, सुरमा आणि रोमन नाणी येतात. ग्रंथात लेखकाचे नाव नाही. तो इजिप्तमध्ये राहून तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे ये-जा करणारा ग्रीकभाषक व्यापारी असावा आणि ग्रंथाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य असावा, यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. याच कलमाच्या शेवटी खास राजासाठी आणायचा माल वेगळा सांगितला आहे: चांदीची भांडी, गाणारी गुलाम मुले, देखण्या मुली, भारी वस्त्रे, सुगंधी लेप आणि उंची वाईन.

हा राजा कोण? ४१ व्या कलमात त्याचे नाव नांबानस असे येते, आणि नांबानस म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान हे आता जवळजवळ सर्वमान्य आहे. नाणेघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नरला नहपान परका नाही. जुन्नरलगतच्या मानमोडीच्या डोंगरात त्याचा वत्सगोत्री अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याचा लेख आहे. त्यात वर्ष दिले आहे ४६. ते शक संवताचे धरले तर इ.स. १२४ येते. नहपानाच्या स्वतःच्या कारकिर्दीचे धरले तर काळ पहिल्या शतकात मागे सरकतो. पेरिप्लसशी दुसरा हिशोब जुळतो आणि अलीकडचे बरेच अभ्यासक त्याच बाजूला झुकलेले दिसतात. वर्षाचा वाद कसाही सुटो, ज्या राजासाठी इटलीची उंची वाईन जहाजातून उतरत होती त्याचा अंमल जुन्नरवर होता. ही वाईन काचेच्या बाटलीत किंवा लाकडी पिंपात येत नव्हती, ती मातीच्या कुंभांतून येत होती.

हा विषय आज पुन्हा काढायला एक निमित्त आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इटलीत मातीच्या भांड्यात मुरवलेल्या वाईनला मोठी प्रतिष्ठा आली आहे. सिसिलीतल्या व्हित्तोरिया गावी १९८० साली तीन मित्रांनी सुरू केलेल्या ‘कॉस’ या वाइनरीची ‘पिथोस रोस्सो’ ही रेड वाईन नेरो द’आव्होला आणि फ्रापातो या दोन द्राक्षांची. ती चारशे लिटरच्या आसपासच्या, जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत मुरते. उत्तरेला त्रेंतिनोमध्ये एलिसाबेत्ता फोरादोरी तेरोल्देगो द्राक्षांची रेड वाईन स्पेनमधल्या व्हिल्यारोब्लेदोहून आणलेल्या मातीच्या रांजणांत करतात. फ्रिउलीचे योश्को ग्राव्हनर २००० साली जॉर्जियात जाऊन आले आणि २००१ पासून तिथले ‘क्व्हेव्री’ वापरू लागले. जॉर्जियाच्या या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. या वाईनच्या जाहिरातींत ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे शब्द हमखास असतात. इकडे नाणेघाटात आणि लेण्याद्रीच्या पायथ्याशी ‘रोमन लोक इथे वाईन घेऊन यायचे’ हे वाक्य पर्यटकांच्या कानावर पडते. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि दोन्ही गरजेपेक्षा जास्त ताणलेली आहेत. ते तथ्य किती आणि ताण किती, हे पाहण्यासाठी हा आढावा.

आधी इटलीकडची बाजू. रोमन वाईनच्या आयुष्यात माती दोनदा येत असे, आणि या दोन टप्प्यांची गल्लत फार होते. पहिला टप्पा ‘दोलियम’चा. हा माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा, गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेला रांजण. द्राक्षरस त्यातच फसफसायचा आणि त्यातच मुरायचा. पॉम्पेईजवळ बोस्कोरेआले इथे ‘व्हिल्ला रेजिना’ हे शेतघर उत्खननात मिळाले. त्याच्या अंगणात असे अठरा रांजण जागच्या जागी सापडले. दुसरा टप्पा ‘अँफोरा’चा. हा दोन कानांचा, उभट, तळाला निमुळता होत गेलेला कुंभ म्हणजे वाहतुकीचे भांडे. उंची वाईन त्यातही वर्षानुवर्षे ठेवत. नेपल्सच्या उत्तरेच्या फालेर्नियन वाईनचे मधले, योग्य वय पंधराव्या वर्षापासून सुरू होते, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. इ.स.पू. १२१ साली ओपिमियस कॉन्सुल होता. त्या वर्षीची वाईन आपल्या काळापर्यंत टिकली असून ती मधासारखी घट्ट आणि कडवट झाली आहे, असेही तो नोंदवतो. म्हणजे मातीत जुनी झालेली वाईन जास्त किमतीची, हा हिशोब रोमन लोकांना चांगला ठाऊक होता.

मात्र ती वाईन आजच्या अर्थाने ‘रेड’ होती असे गृहीत धरू नये. प्लिनी वाईनचे चार रंग सांगतो: पांढरा, पिवळसर तपकिरी, रक्तासारखा तांबडा आणि काळा. फालेर्नियनचा नावाजलेला प्रकार पिंगट, अंबरासारखा असे. आतून राळ लावलेल्या कुंभात राहिल्याने तिला राळेचा वासही असणार. वाईन निर्भेळ पिणे रोमन माणसाला रानटीपणाचे वाटे. तो तिच्यात गार किंवा गरम पाणी घाली. ग्रीक बेटांच्या काही वाईनमध्ये टिकाऊपणासाठी समुद्राचे पाणीही मिसळलेले असे. आजच्या सिसिलीतल्या रांजणातली वाईन पिऊन ‘नहपानाने हीच चव घेतली’ असे कोणी म्हणाले तर खुशाल हसून सोडून द्यावे.

हिंदुस्थानकडे आलेला कुंभ बहुधा ज्या प्रकारचा होता त्याला पुरातत्त्वात ‘ड्रेसेल २-४’ म्हणतात. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने १८९९ मध्ये रोमन अँफोरांची वर्गवारी केली, तिच्यातला हा क्रमांक. एका कुंभात सव्वीस लिटरच्या आसपास वाईन मावे. कुंभाचे वजन धरून भरलेला नग चाळीस किलोच्या घरात जाई. कान ओळखायला सोपा असतो: मातीच्या दोन दांड्या एकमेकींना चिकटवून तो केलेला, त्यामुळे आडवा छेद घेतला तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. इटलीच्या कॅम्पानिया प्रांतात घडलेल्या कुंभांच्या मातीत बारीक काळी, चमकदार वाळू असते. ती व्हेसुव्हियस परिसरातली ज्वालामुखीय वाळू. तिच्यातल्या खनिजांवरून हजारो किलोमीटर दूर सापडलेले खापरही ‘कॅम्पानियाचे’ म्हणून ओळखता येते. दख्खनच्या माणसाला यात एक अडचण लगेच दिसेल. आपल्याकडची जमीनही ज्वालामुखीचीच, आणि बेसाल्टच्या प्रदेशातल्या मातीत काळे कण असण्याचे नवल नाही. त्यामुळे खापरात काळी वाळू दिसली की इटलीची, असा निकाल नुसत्या डोळ्यांनी देऊन चालत नाही. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.

कुंभाचा प्रवास खडतर होता. इटलीहून समुद्रमार्गे अलेक्झांड्रिया, तिथून नाईल नदीतून कोप्टोस, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून बेरेनिके किंवा म्यॉस होर्मोस बंदर. एकट्या बेरेनिकेच्या वाटेला प्लिनी बारा दिवस मोजतो. जुलैच्या सुमारास जहाजे सुटत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानचा किनारा गाठत. बेरेनिकेला जकातीच्या नोंदी असलेली खापरे मिळाली आहेत आणि त्यांत ‘इटालिक’ वाईनचे कुंभ नावानिशी येतात. पेरिप्लसच्या शब्दाला हा स्वतंत्र दुजोरा आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नातला सगळ्यात भक्कम पुरावाही हाच. मालाचा उलटा प्रवासही तिथेच सापडतो. बेरेनिकेच्या सेरापिस मंदिरात पहिल्या शतकातला एक मोठा रांजण मिळाला, तो हिंदुस्थानी घडणीचा, आणि त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. इटलीची माती इकडे आणि आपली माती तिकडे, असा हा व्यवहार.

हिंदुस्थानातल्या पुराव्याकडे वळताना जरा जपून पावले टाकावी लागतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूचे उत्खनन केले आणि रोमन अँफोरा इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत शिरल्या. पुढे एलिझाबेथ विल यांनी त्या खापरांचा नीट अभ्यास केला, तेव्हा बरीचशी ग्रीक बेटांच्या, विशेषतः कोसच्या घडणीची निघाली. केरळमध्ये पट्टणम इथे २००७ पासून झालेल्या उत्खननांत अँफोरांची खापरे हजारांनी मिळाली. महाराष्ट्रात किनाऱ्यापासून आत, प्रवरेच्या काठी नेवासे इथे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ या काळात खोदकाम केले आणि अँफोरांचे तुकडे नोंदवले. घाटमाथ्यावर, देशावर इतक्या आत असे तुकडे मिळणे ही त्या काळी मोठी बातमी होती.

मग रोबर्टा टॉम्बर यांनी फेरतपासणी केली. २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात त्यांनी दाखवले की, पश्चिम भारतात ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदवलेली बरीच खापरे रोमन नाहीतच. ती मेसोपोटेमियातल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत. हे कुंभ प्रामुख्याने सासानी आणि आरंभीच्या इस्लामी काळातले, म्हणजे इटलीच्या वाईनपेक्षा कितीतरी शतके नंतरचे. टॉर्पेडो कुंभाला कान नसतात आणि आतून काळे डांबर लावलेले असते. रोमन कुंभाला दोन कान असतात आणि आत पाइनची राळ असते. तुटक्या खापरात कान हाती लागलाच नाही तर आतला काळा लेप पाहून फसायला होते. एका पिढीने जमवलेला पुरावा दुसऱ्या पिढीने चाळून अर्ध्यावर आणला, हे या विषयातले सगळ्यात निरोगी लक्षण आहे. तरीही चाळणीत खरी रोमन खापरे उरलीच. म्हणून प्रश्न ‘आली की नाही’ असा उरत नाही, ‘किती आणि कुठवर’ असा उरतो.

कोल्हापूरची साक्ष या जागी उपयोगी पडते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या खोदकामांत काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती त्यातलीच, आणि ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे. त्याच साठ्यात वाईन ओतायचे काशाचे सुरईवजा भांडे आहे. रिचर्ड द पुमा यांनी त्याची तुलना इटलीतल्या, त्यातही कॅम्पानियातल्या घडणीशी केली आहे. वाईनसोबत ती ओतण्याची रीतही आली असावी, एवढे अनुमान त्यावरून रास्त ठरते. आणि त्याच कॅम्पानियात, पॉम्पेईमध्ये, १९३८ साली हस्तिदंताची हिंदुस्थानी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातकुळीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. कॅम्पानिया आणि मराठवाडा यांच्यात कोणत्या वस्तू कोणत्या दिशेने जात होत्या, हे या दोन टोकांवरून हाताला लागते.

जुन्नरपुरते बोलायचे तर खापरांपेक्षा दगड अधिक बोलतो. तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी आणि मानमोडी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. लेण्यांना पैसा लागतो, आणि लेख वाचले की तो कुठून आला ते कळते: धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी. या दात्यांच्या रांगेत तीन यवन आहेत. इरिल याने दोन टाकी दिली, चित याने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद याने लेण्याच्या गर्भद्वाराचे दान दिले. ‘यवन’ म्हणजे रोमहून आलेला व्यापारीच असे नाही. वायव्येकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ग्रीक, त्यांचे वंशज, किंवा पश्चिमेकडून आलेला कोणीही, असा तो शब्द सैल वापरला जाई. नावे तर पूर्ण प्राकृत वळणाची झालेली आहेत. पण हे लोक जुन्नरला नुसते येऊन जात नव्हते. त्यांच्याकडे पैसा होता, ते बौद्ध संघाला दान देत होते, आणि त्यांना आपले परकेपण दगडावर कोरून ठेवावेसे वाटत होते. इटलीच्या वाईनला जुन्नरला गिऱ्हाईक असेल तर ते यांच्यात आणि क्षत्रपांच्या अधिकाऱ्यांत शोधावे लागेल. लेण्यांतल्या भिक्षूंचा संबंध नाही, त्यांना सुरापान वर्ज्य होते. दानात टाकी आली ती पाण्यासाठी.

देशी श्रीमंतांना पर्यायही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि कापिशायन व हारहूरक हे त्याचे प्रदेशावरून पडलेले प्रकार सांगितले आहेत. ही अफगाणिस्तानाकडची वाईन. तमिळ ‘पुरनानूरू’मध्ये यवनांनी आणलेल्या गार, सुवासिक मद्याचा उल्लेख येतो. म्हणजे दक्षिणेत तरी यवनांची वाईन राजेलोकांच्या बैठकीत पोचली होती.

आता वाट. नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. खाली मुरबाडकडचे वैशाखरे, वर घाटघर. कल्याण आणि सोपारा ही बंदरे आणि पैठणकडचा देश यांना जोडणाऱ्या या वाटेच्या तोंडाशी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, सातकर्णीची राणी नागनिका हिने यज्ञ आणि दक्षिणांचा प्रदीर्घ लेख कोरवला. इतक्या वर्दळीच्या ठिकाणी राजघराण्याने आपला लेख लावावा, यातच घाटाचे महत्त्व आले. त्यामुळे अँफोरा घेतलेली बैलांची रांग नाणेघाट चढते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहायला वेळ लागत नाही. पेरिप्लस नीट वाचला की या चित्राला तडा जातो. ५२ व्या कलमात लेखक सांगतो की, कल्याण हे थोरल्या सातकर्णीच्या काळी कायदेशीर बंदर होते. सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे ज्या दशकांत इटलीच्या वाईनचा भडोचला सुकाळ होता, नेमक्या त्याच काळात कल्याणची वाट परदेशी जहाजांना बंद होती. तेव्हा जुन्नरला आलेला कुंभ भडोचहून किनाऱ्याकिनाऱ्याने देशी होड्यांतून सोपाऱ्याला उतरून आला असेल, किंवा खुष्कीने नाशिकच्या बाजूने. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असे पेरिप्लस सांगतोच. नाणेघाटाचा मान याने कमी होत नाही. त्याच्या नावावर जमा करायच्या मालाची मोजदाद तेवढी कमी होते.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या बाजूलाही कोकणात उतरणाऱ्या वाटा आहेत. घोड नदीच्या उगमाकडून आहुपे घाट मुरबाडमध्ये उतरतो आणि भीमाशंकरच्या कड्यावरून कर्जतकडे पायवाटा जातात. त्या जुन्या असणारच. पण लेणी, लेख आणि टाकी यांची जी दाटी जुन्नरकडे आहे तिच्यापुढे ही बाजू मूक आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. या प्रश्नात आंबेगावचा वाटा घाटवाटांच्या नोंदीपलीकडे मला नेता येत नाही.

देशावर अँफोरांची खापरे विरळ का, याचे एक साधे कारण संभवते. घाट चढताना चाळीस किलोचा ठिसूळ कुंभ जनावराच्या पाठीवर बांधण्यापेक्षा बंदरातच वाईन कातडी पखालीत ओतून घेणे व्यापाऱ्याला परवडणारे होते. पखाल कुजते आणि मागे खापर उरत नाही. हे अनुमान आहे, पण घाटमाथ्यावरच्या कोणत्याही पुरातत्त्वीय हिशोबात ते धरावे लागेल. नाणेघाटाच्या माथ्यावर जो प्रसिद्ध रांजण आहे तो दगडी आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत, ही लोकांची आठवण आहे. तसा लेख तिथे नाही. वाईनशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही दोन्ही गोष्टींची सांगड घालणारे पर्यटनाचे मजकूर लिहिले जातात. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. तिथल्या माहितीफलकांवर अशी सांगड येऊ नये.

इटलीच्या वाईनचा हा व्यापार फार काळ टिकला नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेईसकट कॅम्पानियातले द्राक्षमळे राखेखाली गेले. पुढच्या शतकात ड्रेसेल २-४ हा कुंभच हळूहळू मागे पडला. इटलीच्या वाईनला हिंदुस्थानात मिळालेली संधी ढोबळमानाने इसवी सनाच्या आधीचे एक शतक आणि नंतरचे एक शतक, एवढीच. पेरिप्लसशी जुळवून घेतले तर नागनिकेचा लेख आणि अयमचे टाके दोन्ही या चौकटीत बसतात, हा योगायोग मात्र सुखावणारा आहे.

पुढची जवळजवळ एकोणीस शतके ओलांडून जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला यावे लागते. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तिथे शॅम्पेन इंडेज उभी केली. तंत्र फ्रेंच होते, पायपर-हायडसीक या घराण्याचे. फसफसणारी ‘ओमर खय्याम’ विलायतेत विकली गेली आणि ‘मार्कीज द पॉम्पादूर’ इथे. भारतीय वाईन परदेशी टेबलावर नेणारी ही पहिली मोठी कंपनी. राज्याचे द्राक्ष-वाईन धोरण २००१ चे, म्हणजे नारायणगाव त्याच्या कितीतरी पुढे होते. मग कंपनीने परदेशांत खरेद्या करून पसारा वाढवला, २००८ ची मंदी आली, आणि कर्जाच्या भाराखाली सगळे कोसळले. त्याच सुमारास नाशिकच्या पट्ट्यात वाईनच्या जातींना भाव उरला नाही आणि शेतकऱ्यांनी त्या बागा काढून खाण्याच्या द्राक्षांच्या लावल्या. इटलीचा धागा हवा असेल तर तो आज सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’कडे आहे. तिथे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घराण्यांची भागीदारी आहे, आणि तोस्कानाचे वाईनमेकर पिएरो मासी यांनी सांजोव्हेझे हे इटालियन द्राक्ष मराठी मातीत रुजवले. फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ ही वाईन मात्र ओकच्या पिंपात मुरते, मातीत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षांची वाईन मातीत मुरवली तर? असा प्रश्न उत्साही मंडळी विचारतात, म्हणून त्याचेही उत्तर देऊन टाकतो. मातीचे भांडे वाईनला स्वतःची चव देत नाही. ओकच्या पिंपातून येणारा व्हॅनिला आणि भाजका वास त्यातून येत नाही, फक्त सूक्ष्म छिद्रांतून थोडी हवा मिळते. म्हणजे तोंडाला धरणारा तुरटपणा सगळा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून यायला हवा. जुन्नरची ख्याती आहे ती जम्बो आणि शरद सीडलेस अशा काळ्या, बिनबियांच्या, खाण्याच्या द्राक्षांची. चवीला ती उत्तम, पण मातीत मुरणाऱ्या रेड वाईनला जो कणा लागतो तो त्यांच्यात नाही. दुसरी अडचण हवामानाची. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, आणि रस फसफसण्याच्या काळात उन्हाळा डोक्यावर येतो. इटलीत तोडणी शरदात होते आणि पुढे थंडी वाईनला सांभाळते. इथे स्टीलच्या टाकीभोवती थंड पाणी फिरवावे लागते. पुरलेल्या रांजणाला ते जमत नाही. तिसरी गोष्ट मातीची. आपला माठ पाणी गार करतो ते पाझरतो म्हणून, आणि वाईनला पाझरणारे भांडे अजिबात चालत नाही. ती उडून जाते आणि आंबते. म्हणूनच रोमन लोक कुंभाला आतून राळ फासत, जॉर्जियातले लोक मेण लावतात, आणि आजचे इटालियन कुंभार फार उच्च तापमानाला भाजून छिद्रे बारीक करतात. असे रांजण इथे भाजायचे तर तसा भट्टा आणि तसा कुंभार आधी घडवावा लागेल. एवढे करून बाटली बाहेर आली, तरी ती घेणारा मुंबई-पुण्यातला ग्राहक मूठभर असेल. इंडेजला चांगली वाईन करता येत होती. ती बुडाली बाजाराच्या आणि कर्जाच्या हिशोबात.

तेव्हा निकाल असा. इटलीची वाईन मातीच्या कुंभांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, हे सिद्ध आहे. घाट चढून ती देशावर आली, हेही मान्य करायला हरकत नाही. जुन्नरच्या यवन दात्यांनी आणि क्षत्रपांच्या अधिकाऱ्यांनी ती चाखली असेल, हे संभवनीय आहे. जुन्नर हे वाईन पिणारे शहर होते असे म्हणायला मात्र आधार नाही. आणि त्या वाईनची परंपरा आजच्या नारायणगावापर्यंत अखंड आली, हे तर साफ खोटे आहे.

हा निकाल पक्का करणारा पुरावा शेतांत असू शकतो. जुन्नर, नारायणगाव, घाटघर परिसरात नांगरताना, विहीर किंवा पाया खणताना जुनी खापरे वर येतात आणि बांधावर फेकली जातात. दोन दांड्या जोडून केलेला कान, निमुळता भरीव तळ, किंवा आतून काळा लेप असलेले खापर दिसले तर ते धुऊ नका, घासू नका. लेप गेला तर आत राळ होती की डांबर हे कळत नाही. कोणत्या गट क्रमांकात, किती खोलीवर मिळाले ते चिठ्ठीवर लिहा, कागदात गुंडाळा, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पोचवा.